पंधरा पिकांचं रान

हंबीरतात्यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढताना. उंब्रजपासून सहा किलोमीटरवर, तारळीच्या काठच्या या गावात उपकेंद्राची आरोग्य अधिकारी म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. तिशीच्या वरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासायचा असा आदेश होता. फाल्गुनातल्या एका रविवारी मारुतीच्या सभामंडपात टेबल टाकून मी आणि आमच्या आशा सेविका बनुबाई सकाळपासून बसलो होतो. दुपारपर्यंत एकशे बारा माणसं झाली आणि त्यांतल्या एकवीस जणांची साखर जास्त निघाली. एवढ्याशा गावात एवढी माणसं, म्हणून मी कागद पुन्हा पुन्हा बघत होते.

सामान आवरायला घेतलं तेव्हा बनुबाई एका उंच, ताठ पाठीच्या माणसाला जवळजवळ ओढतच घेऊन आल्या.

“ह्ये हंबीरराव. मिलिट्रीत आचारी हुते. गावचा भंडारा ह्यांच्याबिगर हुत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मला काय झालंय? म्या कवा आजारी पडलो न्हाई,” म्हणत त्यांनी हात पुढं केला. साखर निघाली तीनशे बारा.

“मशीन बिघाडलंय तुमचं.”

दुसऱ्या बोटाची तपासली. तीनशे अठरा.

ते तसेच उठले. मंडपाच्या पायरीवर जाऊन बसले. मी गोळ्यांची माहिती द्यायला जवळ गेले तेव्हा म्हणाले, “बावीस वर्सं माझ्या हातचं खाऊन पोरं बर्फात चढली. कुनाला कच्चं घातलं न्हाई, शिळं घातलं न्हाई. मग माझ्याच अंगात ह्ये कुठनं आलं?”

प्रशिक्षणात शिकलेलं उत्तर माझ्याकडं तयार होतं. पण तो प्रश्न त्यांनी मला विचारलाच नव्हता, म्हणून मी फक्त गोळ्यांचं सांगितलं.

त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. लडाखपासून राजस्थानपर्यंत पलटणीच्या लंगरात स्वयंपाक करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वाट्याला अडीच एकर बागायत रान आलेलं, सगळा ऊस. त्यांचाच नव्हे, गावातल्या सगळ्यांचा ऊस अगदी परसापर्यंत आलेला आहे. दाराशी कोथिंबिरीची काडी लावायला जागा नाही. भाजी येते ती उंब्रजच्या बाजारातून, आठवड्याची एकदम.

गोळ्या सुरू केल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शालनकाकींना विचारलं, घरात जेवायला काय काय असतं? त्यांनी सांगितलं ते ऐकून मी तात्यांना म्हणाले, “गेल्या आठ दिवसांत पोटात किती प्रकारची पिकं गेली, मोजा बरं.”

तात्या बोटं मोजू लागले. “गहू. तांदूळ. तूरडाळ. बटाटा. वांगं. कांदा.” मग थांबले. चहाच्या कपाकडं बघत म्हणाले, “आन् ऊस.”

मी समजावलं, पॉलिशचा तांदूळ आणि मैदा लवकर साखर होऊन रक्तात उतरतात. कडधान्यं, पालेभाज्या, भरड धान्यं सावकाश उतरतात. आणि एकच एक खाण्यापेक्षा ताटात जितके प्रकार जास्त तितकं बरं. ते शिपायानं हुकूम ऐकावा तसं ऐकत होते. चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. पहाटे नदीपर्यंत चालायला लागले. साखर थोडी उतरलीही, पण दोनशेच्या खाली येईना.

“म्याडम, प्रकार आणू कुठनं?” ते एकदा वैतागून म्हणाले. “बाजारात त्याच पाच भाज्या असत्यात. उसाच्या पाल्याची भाजी करू का?”

त्या वर्षी दसऱ्याला त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताचा, हरिबांचा, फोन आला. हरिबा आटपाडीकडचे. वडील मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायचे. हरिबा फौजेत ड्रायव्हर झाले आणि परत येऊन चार एकर माळावर शेती करायला लागले. दोन दिवसांसाठी गेलेले तात्या तिथं बारा दिवस राहिले. परत आल्यावर ते थेट उपकेंद्रात आले आणि खुर्ची ओढून सांगायला बसले. इतकं बोलताना मी त्यांना आधी बघितलं नव्हतं.

हरिबांच्या एकाच रानात बाजरी होती, तिच्या काकऱ्यांत मटकी, हुलगा म्हणजे कुळीथ, आणि चवळी, मध्ये तुरीच्या ओळी, कडेनं अंबाडी आणि तीळ. तात्यांनी हसून विचारलं होतं, “ही काय शेती म्हणायची का भेळ?” तर हरिबा म्हणाले होते, “पाऊस कुनावर रुसंल ते सांगता येत न्हाई गड्या. म्हनून सगळ्यांनाच रानात बोलवायचं. एक गेलं तर दुसरं ऱ्हातं.” आणि हरिबांच्या पत्नी धोंडुबाई जे रानात ते ताटात वाढत होत्या. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ, तिळाची चटणी. हरिबा तात्यांपेक्षा तीन वर्षांनी मोठे, आणि त्यांना एकही गोळी नव्हती.

“त्यांच्या गावात कुणालाच साखर नाही?” मी विचारलं.

“हाय की. क्यानॉलचं पानी आलं तिकडं आता डाळिंबं हायती, आन् दुकानात बिस्किटाचे पुडे. त्या आळीत लय जनांना हाय.”

पिशवीतून त्यांनी फडक्यांत बांधलेल्या बियांच्या आठ पुरचुंड्या काढून माझ्या टेबलावर मांडल्या. एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा की शाळेत बक्षीस मिळालंय.

यानंतर तात्यांनी जे केलं ते मला उशिराच कळलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या. हरिबाला गोळी नाही, मग आपल्याला तरी कशाला, बाजरी आणि हुलगा खाऊ की झालं, असा त्यांचा हिशेब. दिवाळीनंतर शालनकाकी त्यांना घेऊन आल्या. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, तहान भागत नव्हती, वजन चार किलो उतरलं होतं. साखर तीनशे शेहेचाळीस.

मी चिडले. वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलू नये तसं बोलले. “तात्या, अन्न चांगलं म्हणून औषध सोडायचं कुणी सांगितलं? वर्षानुवर्षं बिघडलेलं शरीर पंधरा दिवसांच्या भाकरीनं सुधारतं का? गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.”

त्यांनी मान खाली घातली नाही, वादही घातला नाही. उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं माझं. आता तुमी सांगाल तसं.” त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांची एक गोळी चुकलेली नाही. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो इथं. आपली चूक इतक्या सरळ शब्दांत कबूल करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

हंगामात खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाला, कारखान्याची तोड मिळाली. तात्यांनी अर्ध्या एकरातली उसाची खोडकी उपटली आणि तो तुकडा उसासाठी पुन्हा राखायचा नाही असं ठरवलं. शेजारी राहणारे त्यांचे थोरले भाऊ आण्णा बांधावर येऊन उभे राहिले.

“सोन्यासारखं रान मोडून बाजरी पेरनार? माळावरच्या लोकांचं खानं ते. आपल्याला काय कमी हाय?”

“काय कमी हाय त्येच तर शोधतोय, आण्णा,” तात्या म्हणाले.

आण्णांचंही नाव त्या एकवीस जणांत होतं. गोळ्या ते आठवण झाली तर घ्यायचे.

मृगात तात्यांनी हरिबांनी दिलेलं बी पेरलं आणि पहिला हंगाम पार फसला. काळ्या कसदार रानात हुलगा छातीएवढा माजला, पण शेंग धरेना. शेजारच्या उसाचं पाणी पाझरून तीळ मुळातून कुजला. बाजरीला कणसं छान आली, पण चहूकडं मैलभर ऊस आणि मध्ये एवढंच दाण्याचं रान. सगळ्या शिवारातली पाखरं तिथंच उतरली. तात्या दिवसभर गोफण घेऊन उभे राहत. शेवटी घरात आली ती दोन पायल्या बाजरी आणि थोडी चवळी. चावडीवर लोक विचारायचे, “तात्या, औंदा पाखरांची साखर कमी झाली का?”

त्या दिवसांत एका संध्याकाळी मी रक्तदाब बघायला त्यांच्या घरी गेले होते. तात्या उंबऱ्यात बसून हुलग्याचे रिकामे वेल बघत होते. शालनकाकी चुलीपाशी होत्या. त्या सहज म्हणाल्या, “माळावरचं बी काळ्या रानात कसं यावं?”

तात्यांनी वळून पाहिलं. “तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“मग आधी का न्हाई सांगितलंस?”

“तुमी कवा इचारलं?”

मग काकी भाकरी थापता थापता सांगायला लागल्या. त्यांचं माहेर पाटणच्या डोंगरात. तिथं नाचणी, वरी, घेवडा. लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा याच रानात सासूबाई शाळू ज्वारी, खपली गहू, हरभरा घेत. मधल्या पट्ट्यांत जवस आणि करडई असे. पुढं नदीवरून पाण्याची पाइपलाइन आली आणि दोन वर्षांत सगळा ऊस झाला.

“ल्हानपनीचं म्या पार इसरलो. पन सुट्टीला यायचो तवा बी ह्ये कसं दिसलं न्हाई?” तात्या म्हणाले.

“तुमी तिकडं लडाखात. सुट्टीला आला की आत्याबाई म्हनायच्या, लेक पाव्हण्यासारखा आलाय, त्याला भाकरी नगं. मग तुमच्यापुरत्या चपात्या आन् भात. आमी आत शाळूची भाकरी आन् चाकवत खायचो.”

हजारो माणसांना जेवू घातलेल्या त्या आचाऱ्यानं बायकोच्या हातचं हे भाकरी-चाकवताचं जेवण तेवढं कधी चाखलं नव्हतं. तात्या पाट ओढून चुलीपाशी बसले आणि म्हणाले, “सांग. कंचं बी कवा पेरायचं, पयल्यापास्नं सांग.”

त्या रब्बीपासून रान काकींच्या सांगण्यावर चाललं. दोघं मोटारसायकलवर पाटणला गेले, काकींच्या भावजयीकडून नाचणी आणि घेवड्याचं बी आणलं. खपलीचं बी सांगलीकडच्या एका माजी सैनिकानं दिलं. पाझराच्या बाजूला अळू लावला आणि चर काढून पाणी वळवलं. बांधाला शेवगा, कुंपणावर घोसाळी आणि वाल. हरिबांची मटकी आणि अंबाडी तेवढी वरच्या मुरमाड कोपऱ्यात छान लागली. वर्ष फिरेपर्यंत त्या अर्ध्या एकरात पंधरा पिकं येऊन गेली. पाखरं याही वेळी आली, पण खपलीच्या दाण्याला साल घट्ट असते आणि कुसळंही असतात, त्यामुळं त्यांचं फारसं चाललं नाही.

आणि तात्या स्वयंपाकघरात शिरले. लंगरातली त्यांची सवय मोठ्या आचेची आणि भरपूर तेलाची. काकी शेजारी बसून हात धरायच्या. जवसाची चटणी किती भाजायची, नाचणीची आंबील गुठळ्या न होऊ देता कशी ढवळायची, चाकवताच्या जोडीला हरभऱ्याचा पाला घालून गरगटं कसं घोटायचं, सगळं ते शिकले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मला जेवायला बोलावलं. मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढत म्हणाले, “भोगीला आपन श्यान्यावानी खातो बघा, म्याडम. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कुठं जातं श्यानपन?”

पुढच्या पावसाळ्यात आण्णांच्या पायाला उसाचं खोडकं लागलं. जखम चिघळली. त्यांनी ती आठ दिवस कुणाला दाखवली नाही. कराडच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. घरी आणल्यावर मी रोज पट्टी बदलायला जात होते. पहिल्याच दिवशी तात्या डबा घेऊन आले. त्यात शाळूची भाकरी, घेवड्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. आण्णांनी तोंड फिरवलं.

“भात न्हाई?”

“हाय. येक मूठ. आधी ह्ये खा, मग त्यो.”

तात्यांनी चार महिने रोज डबा नेला. आण्णा काय बोलले होते ते त्यांनी एकदाही काढलं नाही. गोळ्या ते स्वतः समोर उभे राहून द्यायचे. जखम भरली. मी असं म्हणणार नाही की भाकरीनं भरली. औषधं होती, इंजेक्शनं होती, पट्ट्या होत्या. पण साखर आटोक्यात आली नसती तर पाऊल वाचलं नसतं, हे मला माहीत आहे, आणि साखर आटोक्यात आणायला औषधांच्या जोडीला तो डबा होता.

गावचा भंडारा माघात असतो. नऊशे माणसं जेवतात. पिढ्यान्‌पिढ्या नाही, पण निदान वीस वर्षं तरी तिथं बुंदी, पुरी, भात आणि बटाट्याचा रस्सा ठरलेला. त्या वर्षी देवळातल्या बैठकीत तात्यांनी सांगितलं की औंदा मी वेगळं करणार. प्रत्येक घरातून पाच भाकऱ्या, गावच्या रानातल्या कडधान्यांची आमटी, पालेभाजीचं गरगटं, आणि गोडाला खपलीची खीर.

बराच गलका झाला. एक जण म्हणाला, “देवाच्या जेवणात दवाखाना कशाला आणताय?” दुसरा म्हणाला, “पाव्हणे काय म्हनतील? गावाला बुंदी परवडंना झाली?”

तात्या शांतपणे ऐकत होते. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आण्णा उभे राहिले होते. पायात खास शिवून घेतलेली मऊ चप्पल होती.

“माझी दोन बोटं दवाखान्यात ऱ्हायली,” ते म्हणाले. “ह्या मंडपात आनखी कुनाकुनाची साखर वाढल्याली हाय ते म्याडमला ठावं हाय. त्या नाव सांगनार न्हाईत, म्या माझं सांगतो. हंबीर करतोय ते करू द्या.”

मग भाकऱ्या कुणी गोळा करायच्या, यावर बोलणं सुरू झालं.

भंडाऱ्याच्या दिवशी मी पहाटेच गेले. सहा मोठ्या चुली पेटल्या होत्या. तात्या डोक्याला पांढरं फडकं बांधून या पातेल्याकडून त्या पातेल्याकडं फिरत होते, आणि प्रत्येक ठिकाणी चव घ्यायला शालनकाकींना बोलवत होते. तोवर गावातल्या अकरा घरांनी बांधांवर, परसात, उसाच्या लहान सरीत काहीबाही लावलं होतं. त्या बायका पाट्या भरभरून चाकवत, हरभऱ्याचा पाला, मेथी घेऊन आल्या. खपली आदल्या रात्री भिजत घातली होती. खिरीत गूळ बेताचाच, वर खसखस आणि खोबरं.

वाढप्यांना तात्यांनी एकच सूचना दिली, “भाजी पळीनं वाढा. खीर वाटीनं, आन् वाटी येकदाच.”

पहिल्या पंगतीला काही पाहुण्यांनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. पण गरगट्याचं पातेलं सगळ्यांत आधी खाली गेलं. एक म्हातारे गृहस्थ भाकरी कुस्करता कुस्करता थांबले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “ह्ये आमची आय करायची. पन्नास वर्सं झाली.” पाहुण्यांसाठी म्हणून शिजवलेलं भाताचं एक पातेलं जवळपास तसंच उरलं. ते दुपारी तात्यांनी हसत हसत जनावरांच्या पाटीत रिकामं केलं.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. पण गाव एका जेवणानं बदलत नाही. त्या अकरा घरांपैकी तीन घरांनी पुढच्या वर्षी परत सगळा ऊसच केला. दुकानातले पुडे अजून तितकेच खपतात. गेल्या तपासणीत नवे सहा जण साखरेचे निघाले, त्यांतला एक जण तेहतीस वर्षांचा. दुसऱ्या बाजूला, तात्यांसकट जुन्या बावीस जणांपैकी तेरा जणांची साखर आता ताब्यात आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत तात्यांचा आकडा पहिल्यांदा दहा टक्क्यांच्या वर होता, आता तो सातच्या आत आहे, आणि डॉक्टरांनी दोनातली एक गोळी कमी केली. ते ऐकून तात्या मला म्हणाले, “दुसरी बी बंद करा म्हनून मी इचारलं न्हाई बरं का.”

या वर्षी मार्गशीर्षात फलटणकडच्या एका गावातून दोघे जण त्यांच्याकडं आले. आमच्याही यात्रेला येऊन असंच जेवण करा, म्हणाले. मी तिथंच होते. तात्यांनी त्यांना नाचणीची आंबील दिली आणि विचारलं, “तुमच्या गावात काय पिकतं?”

“ऊस,” ते म्हणाले.

“उसाच्या आधी?”

“ते आमच्या आधीचं,” त्यांतला एक जण म्हणाला.

“मग आधी घरी जाऊन बायकांना इचारा,” तात्या म्हणाले. “म्हाताऱ्यांना इचारा. त्या सांगतील त्ये लिवून आना. माझ्या रानातलं तुमच्याकडं येईलच असं न्हाई. म्या येकदा त्यात फसलोय.”

बारा दिवसांनी त्यांच्या फोनवर एका कागदाचा फोटो आला. थरथरत्या अक्षरात कुणी आजींनी यादी लिहून दिली होती, एकवीस नावं. तात्यांनी चष्मा लावून ती वाचली, त्यातल्या चार नावांशी अडले आणि आत हाक मारली, “शालन, जरा भाईर ये. ह्ये काय हाय, वाच.”

काकींनी हात पुसत येऊन वाचलं. त्यातलं एक नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटारसायकलवरून त्या आजींना भेटायला फलटणच्या रस्त्याला लागले.